नैरोबी ते जोहान्सबर्ग विमानप्रवास : अंतर, वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियातला जोमो केन्याटा विमानतळ (कोड एनबीओ) ते दक्षिण आफ्रिकेतला ओ. आर. टॅम्बो विमानतळ (कोड जेएनबी) हा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेला जोडणारा गजबजलेला हवाईमार्ग आहे. कामानिमित्त ये-जा करणारे, सफारीवरून केपटाऊनकडे निघालेले पर्यटक आणि मुंबईहून नैरोबीमार्गे जोहान्सबर्गला जाणारे असे सगळेच त्यावर भेटतात. त्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत.

दोन्ही विमानतळांमधले अंतर नेमके किती?

सरळ हवाई अंतर 2,912 किलोमीटर. साध्या मैलांत 1,809 आणि नॉटिकल मैलांत 1,572. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैल वापरतात (1 नॉटिकल मैल = 1.852 किलोमीटर). "एके ठिकाणी 1,809 दिसतंय, दुसरीकडे 1,572, खरं कुठलं?" हा गोंधळ यातूनच होतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मैल वेगळे आहेत.

विमान प्रत्यक्षात थोडे जास्त उडते. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाईमार्ग आणि उतरण्याआधीची वळणे धरून पन्नास ते शंभर किलोमीटरची भर पडते. वाटेत वादळ टाळावे लागले तर आणखी.

मग काही ठिकाणी 2,900 किलोमीटर का लिहिलेले असते?

पृथ्वी अगदी गोल धरली तर 2,912 येते. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे हिशेबात घेतले तर उत्तर सुमारे 2,900 येते. हा मार्ग विषुववृत्ताजवळून निघून बराचसा उत्तर-दक्षिण जातो, आणि नेमक्या अशा मार्गांवर गोल हिशेब थोडा जास्त भरतो. पूर्व-पश्चिम मार्गावर हाच फरक उलट्या बाजूला जातो. प्रवाशाच्या दृष्टीने बारा किलोमीटर म्हणजे उड्डाणाचे एक मिनिटही नाही.

हे अंतर स्वतः काढता येईल का?

येईल, साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर. नैरोबी विमानतळ 1.319 अंश दक्षिण, 36.928 अंश पूर्व. जोहान्सबर्ग विमानतळ 26.139 अंश दक्षिण, 28.246 अंश पूर्व.

अक्षांशांतला फरक 24.820, रेखांशांतला 8.682. दोन्ही निम्मे करा : 12.410 आणि 4.341. पहिल्याचा साइन 0.2149, त्याचा वर्ग 0.0462. दुसऱ्याचा साइन 0.0757, त्याचा वर्ग 0.00573, याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा (0.9997 आणि 0.8977), म्हणजे 0.00514 उरतात. दोन्हींची बेरीज 0.0513. तिचे वर्गमूळ 0.2266. ज्या कोनाचा साइन एवढा आहे तो कोन 13.09 अंश; दुप्पट केला की 26.19. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे 111.195 किलोमीटर. गुणाकार केला की 2,912.

हिशेब दोन जागी चुकतो. स्प्रेडशीटमध्ये साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. ते बदलायचे राहिले तर उत्तर भलतेच येते आणि चूक लगेच कळते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. दोन्ही विमानतळ विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत, म्हणून दोन्ही अक्षांश ऋण घ्यायचे. नैरोबी विषुववृत्ताला इतके चिकटून आहे की त्याचे ऋण चिन्ह सहज निसटते. तसे झाले तर उत्तर 3,192 येते, म्हणजे 280 किलोमीटर जास्त, आणि आकडा पटण्यासारखा असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

प्रवासाला वेळ किती लागतो?

गेटपासून गेटपर्यंत सव्वाचार तासांच्या आसपास. बोईंग 737-800 धरून त्याची फोड अशी : नैरोबीत गेट सोडून धावपट्टीवर पोचायला सुमारे 15 मिनिटे, वर चढायला 20 ते 25 मिनिटे (तोवर दोनेकशे किलोमीटर अंतर कापलेले असते), सरळ उड्डाण तीन तासांना थोडे वर, खाली यायला साधारण 25 मिनिटे, आणि जोहान्सबर्गला उतरून गेटवर लागायला दहा मिनिटे. चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ पावणेचार तासांच्या जरा पुढे-मागे राहतो.

विमान कुठले यावर थोडे ठरते. केनिया एअरवेजच्या ताफ्यात बोईंग 787-8, बोईंग 737-800 आणि एम्ब्रेअर 190 आहेत. 787 ध्वनीच्या 0.85 पट वेगाने उडते, म्हणजे ताशी 900 किलोमीटर. 737 चा वेग 0.785 पट, ताशी 830 च्या जरा वर. एम्ब्रेअरचा त्याहून किंचित कमी. एवढ्या अंतरात मोठे विमान पंधरा मिनिटे वाचवते. तिकिटावरच्या वेळेत ही बचत पुरती दिसेलच असे नाही, कारण विमान कंपन्या वेळापत्रकात थोडा राखीव वेळ मुद्दाम ठेवतात.

अंतर काढून देणाऱ्या साइटवर 3 तास 37 मिनिटे का येतात?

तिथे अंतराला ताशी 805 किलोमीटरने, म्हणजे 500 मैलांनी, सरळ भागलेले असते. टॅक्सी (विमानाचे जमिनीवरचे चालणे), चढण, उतरण काहीच धरलेले नसते. अशा उत्तरात अर्धा तास मिळवा. 4 तास 7 मिनिटे होतात आणि ते वास्तवाच्या बरेच जवळ आहे. दोन ते पाच तासांच्या कुठल्याही उड्डाणाला हा ठोकताळा चालतो.

जाताना तीन तास आणि येताना पाच तास लागतात का? तिकिटावर तसेच दिसते.

नाही. दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. नैरोबी ग्रीनिचच्या तीन तास पुढे आहे, जोहान्सबर्ग दोन तास. नैरोबीहून सकाळी 7:00 ला निघून 4 तास 15 मिनिटे उडालात तर जोहान्सबर्गच्या घड्याळात 10:15 झालेले असतात. परत येताना दुपारी 12:00 ला निघालात तर नैरोबीत संध्याकाळचे 5:15.

भारताच्या तुलनेत नैरोबी अडीच तास मागे आणि जोहान्सबर्ग साडेतीन तास मागे. दोन्ही देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळे पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हे फरक वर्षभर तेच.

नैरोबीत एका गोष्टीचे भान ठेवा. स्वाहिलीत बोलताना तास सकाळी सहापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. तिकीट आणि विमानतळावरचे फलक नेहमीच्या 24 तासांच्या घड्याळावर चालतात, पण टॅक्सीवाल्याशी पहाटेची वेळ ठरवताना आकडा इंग्रजीत सांगा आणि फोनवर लिहून दाखवा.

वाऱ्यामुळे किती फरक पडतो?

फार कमी. मुंबई-लंडनसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर जाण्यायेण्यात तासाभराचा फरक सहज पडतो. इथे तो मिनिटांचा असतो. विषुववृत्ताजवळ वरच्या थरातले वारे मंद असतात. जोरकस पश्चिमी वारे लागतात ते शेवटच्या सात-आठशे किलोमीटरांत, आणि तेही मुख्यतः जून ते ऑगस्ट या तिकडच्या हिवाळ्यात.

विमानाची दिशा साधारण 198 अंश, म्हणजे दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला कललेली. पश्चिमेचा वारा त्यामुळे जवळजवळ आडवा लागतो. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यातले जेमतेम 30 किलोमीटर समोरून येतात. त्यात दोन-तीन मिनिटे जातात, येताना तेवढीच मिळतात.

विमान कुठल्या देशांवरून जाते? खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

नैरोबीहून जाताना डावी, परतताना उजवी. निघाल्यावर थोड्याच वेळात टांझानियाची हद्द लागते आणि डावीकडे आधी माउंट मेरू, त्यामागे, विमानापासून शंभरेक किलोमीटरवर, किलिमांजारो दिसतो. सकाळच्या उड्डाणाला संधी जास्त. दुपारपर्यंत शिखर बहुधा ढगात जाते. उजवीकडच्यांना नेट्रॉन सरोवराची लालसर झाक मिळू शकते, तेव्हा त्यांनीही फार हळहळू नये.

पुढे सरळ रेषा दोदोमाच्या थोडी पश्चिमेकडून, मलावी सरोवराच्या उत्तर टोकावरून, मलावी आणि झांबियाच्या सीमाभागातून, मोझांबिकच्या पश्चिम कोपऱ्यातल्या काहोरा बासा जलाशयाच्या परिसरातून झिम्बाब्वेत उतरते. हरारे शहर उजव्या हाताला तीस-पस्तीस किलोमीटरवर राहते. लिंपोपो नदी बाइटब्रिजजवळ ओलांडली की दक्षिण आफ्रिका. रोजचा मार्ग हवामान आणि हवाई नियंत्रणानुसार या रेषेच्या अलीकडे-पलीकडे सरकतो.

दोन्ही विमानतळ उंचावर आहेत. त्याचा उड्डाणावर काय परिणाम होतो?

या मार्गाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. नैरोबीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 5,330 फुटांवर (1,624 मीटर), जोहान्सबर्गचा 5,558 फुटांवर (1,694 मीटर). कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे जोहान्सबर्गला विमान उतरते ते महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्याही वर.

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. पंखांना पुरेसा उचल मिळण्यासाठी विमानाला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते आणि त्याच वेळी इंजिनाचा जोर मात्र कमी पडतो. त्यात उन्हाळा आला की अवघड होते. जोहान्सबर्गला तापमान 30 अंशांवर गेले तर हवेची घनता सुमारे 8,600 फुटांवर असावी तितकी खाली येते. समुद्रसपाटीला ताशी 280 किलोमीटरला हवेत उठणारे विमान तिथे 320 च्या आसपास उठते. विमानाच्या टायरना वेगमर्यादा असते, बहुधा ताशी 360 किलोमीटर, आणि ती जवळ येऊ लागते.

म्हणून धावपट्ट्या लांब बांधल्या आहेत. नैरोबीची सुमारे 4,100 मीटर, जोहान्सबर्गची मोठी 4,400 मीटरच्या वर. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन हजारांच्या आसपास आहे. तरीही तापलेल्या दुपारी पूर्ण भरलेल्या विमानाला वजन कमी करावे लागू शकते. आधी माल उतरवतात, मग क्वचित प्रवाशांच्या बॅगा मागून येतात. बॅग पुढच्या विमानाने येणार असे सांगितले गेले तर दर वेळी तो हलगर्जीपणा नसतो. लांब पल्ल्याची, इंधनाने जड झालेली विमाने जोहान्सबर्गहून संध्याकाळी किंवा रात्री निघणे सोयीचे पडते त्याचे एक कारण हेच. नैरोबीचा पल्ला चार तासांचा, इंधन कमी, त्यामुळे या मार्गावर अडचण तुलनेने कमी येते.

कानांना दडे बसतात का?

मुंबईहून उडताना बसतात त्यापेक्षा कमी. केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. 787 मध्ये तो 6,000 फुटांच्या जवळ असतो. तुम्ही निघता तेच 5,330 फुटांवरून आणि उतरता 5,558 वर, त्यामुळे दाबात बदल थोडाच होतो. समुद्रसपाटीवरून आलेल्यांना पहिल्या दिवशी जोहान्सबर्गमध्ये जिने चढताना धाप लागते. पाणी भरपूर प्या, एक-दोन दिवसांत सवय होते.

उशीर कधी होण्याची शक्यता असते?

जोहान्सबर्गला ऑक्टोबर ते मार्च, दुपारी तीन ते संध्याकाळी सात. हायवेल्डच्या पठारावर उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस आणि कधी गाराही येतात. विजा जवळ आल्या की जमिनीवरचे काम थांबवतात : इंधन भरणे बंद, सामान चढवणे बंद, कर्मचारी आत. वादळ वीस मिनिटांत सरकते, पण मागे लागलेली विमानांची रांग निस्तरायला तास-दीड तास जातो. पुढे डर्बन किंवा केपटाऊनची जोडउड्डाणे असतील तर या महिन्यांत सकाळी पोचणारे विमान घ्या.

नैरोबीत त्रास पहाटेचा. जून ते ऑगस्टमध्ये खाली ढग उतरतात, आणि मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीत टांझानिया-झांबिया पट्ट्यावर पावसाचे ढग उभे राहतात. तेव्हा विमान वळसा घेते आणि हेलकावेही बसतात. पट्टा बांधून बसलात तर घाबरण्याचे कारण नाही.

खाली उतरता आले नाही तर पुढे काय, याची तयारी निघतानाच असते. जोहान्सबर्गला पर्याय डर्बन, गॅबोरोन, ब्लूमफाँटेन. नैरोबीला मोम्बासा, किलिमांजारो, एल्डोरेट. 737-800 तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन जाळते, म्हणजे या फेरीला नऊ-दहा टन. त्यावर वाटेतल्या फरकासाठी, पर्यायी विमानतळ गाठण्यासाठी आणि शेवटच्या अर्ध्या तासासाठी वेगळे इंधन घेतलेले असते.

तिकीट काढताना विमानतळ चुकू शकतो का?

चुकतो. नैरोबीत विल्सन नावाचा दुसरा विमानतळ आहे. मसाई मारा अभयारण्याची छोटी सफारी विमाने तिथून सुटतात आणि तिथेच उतरतात. माराहून परतून त्याच दिवशी जोहान्सबर्गचे विमान पकडायचे असेल तर मध्ये शहरातून गाडीने जावे लागते. रहदारी धरून चार-पाच तासांचे अंतर ठेवा. जोहान्सबर्गच्या बाजूला लान्सेरिया विमानतळ आहे, तो मुख्यतः देशांतर्गत उड्डाणांचा. पुढचे स्वस्त तिकीट लान्सेरियाहून निघालेले नाही ना, ते तपासा.

मुंबईहून नैरोबीमार्गे जोहान्सबर्गला गेले तर वळसा किती पडतो?

मुंबई-नैरोबी 4,533 किलोमीटर, पुढे 2,912, एकूण 7,445. मुंबई-जोहान्सबर्ग सरळ रेषा 6,964 किलोमीटर. वळसा 481 किलोमीटरचा, सात टक्क्यांच्या आत, हवेत जेमतेम 35 मिनिटे जास्त. आदिस अबाबामार्गे हीच बेरीज 7,900 च्या पुढे जाते, आखातातून गेलात तर त्याहून बरीच. अंतराच्या हिशेबाने या थांब्यांत नैरोबीच सर्वांत सरळ. वेळ खातो तो मधला मुक्काम.

मधे किती वेळ ठेवावा?

एकाच तिकिटावर दोन तास पुरतात, अडीच असले तर निवांत. मुंबईतच दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या आणि बॅगेच्या टॅगवर जेएनबी छापले आहे का ते काउंटर सोडण्याआधी वाचा. एनबीओ असेल तर बॅग नैरोबीला उतरणार.

दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर सगळे बदलते. नैरोबीत इमिग्रेशन करून बाहेर या, बॅग घ्या, पुन्हा चेक-इन करा. त्यासाठी केनियाची प्रवेश परवानगी लागते आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. पाच तासांखाली जाऊ नका. हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासाठी हा प्रकार करू नये असे आमचे मत आहे.

नैरोबीहूनच निघणाऱ्यांनी तीन तास आधी पोचावे. विमानतळाच्या आवारात शिरताना प्रवाशांना गाडीतून उतरवून तपासणीतून चालत नेतात, मग टर्मिनलच्या दारात पुन्हा स्कॅनर आणि पुढे नेहमीची सुरक्षा. रांग तीनदा.

व्हिसा कुठला लागतो?

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावाच लागतो. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. नैरोबीत बाहेर पडायचे असेल तरच ती लागते. अर्ज निघण्याच्या किमान तीन दिवस आधी भरा, आणि सरकारी संकेतस्थळावरच भरा. सारख्या नावाची दलाल मंडळी दुप्पट पैसे घेऊन तेच काम करतात.

यलो फिव्हरची लस घ्यावी लागते का?

याच कागदावरून सर्वांत जास्त लोक अडकतात. केनिया यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांत मोडतो. तिथून येणाऱ्या एक वर्षावरील प्रत्येकाकडे दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. नैरोबी विमानतळावर नुसता ट्रान्झिट असला तरी तो 12 तासांपेक्षा जास्त असेल तर हाच नियम. प्रमाणपत्र नसेल तर विमान कंपनी नैरोबीतच बसू देत नाही.

लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालते. पूर्वीची दहा वर्षांची मुदत आता नाही. भारतात लस फक्त केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते, ठरावीक दिवशीच, तेव्हा तारीख आधी घ्या. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, कारण प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक चढतो. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि अंड्याची ॲलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परतताना भारतही हेच विचारतो. केनियात राहून सहा दिवसांच्या आत परतलात आणि प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. फक्त विमानतळाच्या आत थांबला असाल तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो, पण ती त्याच्या मर्जीवर. लसीच्या प्रमाणपत्राचे पिवळे कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, बॅगेत नको.

सामानात काय खटकते?

केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. घरून निघताना चिवडा-लाडू बांधलेल्या साध्या पिशव्या नैरोबीत बाहेर पडणाऱ्यांनी डब्यात रिकाम्या कराव्यात. ड्यूटी फ्रीची पिशवीही विमानतळावरच सोडावी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, 100 वॅट-अवरच्या आतली. ट्रान्झिटमध्ये पुन्हा तपासणी होते, म्हणून मुंबईत सुरक्षेनंतर घेतलेली पाण्याची बाटली नैरोबीत टाकावी लागते.

रस्त्याने जाता येते का?

येते. सुमारे 4,000 किलोमीटर : नमांगाहून टांझानिया, तुंडुमाहून झांबिया, चिरुंडूहून झिम्बाब्वे, बाइटब्रिजहून दक्षिण आफ्रिका. चार सीमा, प्रत्येक ठिकाणी गाडीचे कागद आणि विमा. ट्रकवाल्यांना बाइटब्रिजला एकेक दिवस रांगेत काढावा लागतो. सलग रेल्वे नाही.

उतरल्यावर शहरात कसे जावे?

जोहान्सबर्गला टर्मिनलमधूनच गाउट्रेन ही जलद रेल्वे मिळते. शहरातल्या सँडटन भागात पंधरा मिनिटांत पोचवते. 2010 पासून ही सेवा चालू आहे, पण रात्रभर चालत नाही, त्यामुळे उशिरा पोचणाऱ्यांनी हॉटेलची गाडी सांगून ठेवावी. नैरोबीत शहराचा मध्यभाग पंधरा-अठरा किलोमीटरवर. 2022 मध्ये खुला झालेला टोलचा उन्नत रस्ता घेतला तर वीस-पंचवीस मिनिटे, खालच्या मोम्बासा रोडने संध्याकाळी दीड तासही लागतो. टोल कोण भरणार ते टॅक्सीत बसण्याआधी ठरवा.